कपाटाची किल्ली मुलांकडे द्या

प्रति,
सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी
आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य यांना

सप्रेम नमस्कार.

मी एका माध्यमिक शाळेत तीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर कोरेगाव तालुक्यात सासरच्या गावी राहायला आले. गेली चार वर्षं दर शनिवारी सकाळी शेजारच्या वाडीतल्या प्राथमिक शाळेत जाते. मला कुणी नेमलेलं नाही, मानधनही नाही. तिथल्या बाई "या" म्हणाल्या, म्हणून जाते. चार वर्षांत जे पाहिलं त्यावरून तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे.

पहिल्या शनिवारी मी विचारलं, "ग्रंथालय कुठं आहे?" बाईंनी कार्यालयाच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट दाखवलं. त्याच्या पुढ्यात पोषण आहाराच्या तांदळाची पोती होती. ती सरकवल्याशिवाय दार उघडेना. किल्ली ड्रॉवरमधल्या जुडग्यात होती, पण जुडग्यातली नेमकी कोणती ते कुणालाच आठवेना. एकेक लावून बघत शेवटी उघडलं. आत चारशेच्या आसपास पुस्तकं होती आणि ती इतकी नवी होती की मला वाईट वाटलं. काहींची पानं कडांना अजून चिकटलेली. दाखल क्रमांक सुबक अक्षरात, शिक्का सरळ, कुठं खाडाखोड नाही. देवघेव नोंदवही मात्र पहिल्या पानापासून कोरी.

बाई कामचुकार नव्हत्या, हे आधी सांगते. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथीचे वर्ग, त्यात पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, मतदार यादीचं काम. त्या मला जे म्हणाल्या ते तसंच लिहिते : "मॅडम, पुस्तकं दिली आणि हरवली, तर बदलीच्या वेळी चार्ज कसा देऊ? आधीच्या गुरुजींनी मला मोजून दिलीत. मी पुढच्याला मोजून द्यायला नकोत?"

हे पत्र त्या वाक्यासाठी लिहिते आहे. शाळेच्या ग्रंथालयात कोणते उपक्रम घ्यावेत यावर परिपत्रकं येतात, प्रशिक्षणं होतात, वाचन कोपरे रंगवले जातात. पण डेडस्टॉकमधलं, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या नोंदवहीतलं, एक पुस्तक कमी भरलं तर ते माझ्या अंगावर येईल, ही भीती शिक्षकाच्या मनात बसलेली असेल तोवर यातला कुठलाच उपक्रम कपाटाच्या दाराबाहेर येणार नाही. खुर्ची आणि पुस्तक एकाच हिशोबात धरल्यानं हे झालं आहे. खुर्ची वीस वर्षं टिकली तर ती चांगली खुर्ची. मुलांचं पुस्तक वीस वर्षं जसंच्या तसं राहिलं, तर ते कुणी वाचलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

हे मी दुसऱ्याला शिकवायला सांगत नाही, कारण हे पाप मीही केलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या शाळेत वसतिगृहात राहणारा सातवीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यायचा. पुस्तक द्यायला मी उठायच्या आत तो कपाटाच्या काचेला नाक लावून उभा असायचा. त्याच्याकडून एक पुस्तक हरवलं. नियमाप्रमाणे मी बारा रुपये भरून घेतले आणि पावती दिली. त्यानंतर तो आला नाही. वर्गात निरोप धाडला, तरी आला नाही. बारा रुपये त्यानं कुठून आणले असतील, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही. माझा हिशोब चोख राहिला आणि मी एक वाचक गमावला. त्याचा चेहरा मला आजही आठवतो, आणि त्या हरवलेल्या पुस्तकाचं नाव मात्र आठवत नाही.

ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे पाच नियम शिकवतात. ते १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्यातला पहिला नियम म्हणजे पुस्तकं वापरासाठी असतात. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं चोरीला जाऊ नयेत म्हणून साखळीनं फळीला बांधून ठेवत, हे त्यांनी त्याच ठिकाणी सांगितलं आहे. परीक्षेत हा प्रश्न मी बरोबर सोडवला होता. साखळी आणि कुलूप यांत फरक नाही, हे मात्र त्या मुलाच्या जाण्यानं कळलं.

आता नियमांचं बघू, कारण तुमची अडचण नियमांची आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम २१५ ग्रंथालयातल्या पुस्तकांविषयी आहे. वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या किंवा जागेवर वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं हरवणं वाजवी समजावं, असं तो म्हणतो. अट एवढीच की त्यामागे लबाडी किंवा हलगर्जी नसावी, आणि हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तक हरवलं तर चौकशी व्हावी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या शाळांना तो आपोआप लागू होत नाही, हे मला माहीत आहे. पण ज्या मोठ्या ग्रंथालयांत दाराशी माणूस बसलेला असतो, तिथंही पुस्तक हरवतं हे सरकारनं कागदावर मान्य केलेलं आहे. मग जिथं वाचणारा सात वर्षांचा आहे, घरी रांगतं भावंड आहे, दारात शेरडं आहेत आणि पावसात पत्रा गळतो, तिथं आपण शंभर टक्के पुस्तकं परत मागतो ती कोणत्या न्यायानं?

चाळीस मुलांची शाळा धरा. वर्षातले तीस आठवडे प्रत्येकानं आठवड्याला एक पुस्तक घरी नेलं तर बाराशे वेळा देवघेव होते. वरच्या हिशोबानं सहा पुस्तकं गेली तरी चालतील. वाडीतल्या आमच्या शाळेत कपाट उघडल्यावर पहिल्या वर्षी नऊ गेली, दुसऱ्या वर्षी सात. मुलांच्या पुस्तकांच्या किमती बघता हे नुकसान शाळेला सहज पेलण्यासारखं आहे.

त्यातलं एक पुस्तक कुठं गेलं ते मला माहीत आहे. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली दुसरीच्या वयाची एक मुलगी हंगामात आमच्या शाळेत बसायची. हत्तीचं चित्र असलेलं एक पुस्तक तिनं लागोपाठ पाच आठवडे तेच नेलं. दर शनिवारी परत आणायची आणि तेच पुन्हा मागायची. सहाव्या शनिवारी टोळी उठली होती आणि पुस्तकही गेलं होतं. बाईंनी नोंदवहीत काय लिहायचं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बीडला गेलं असं लिहा." तसंच लिहिलं आहे. लेखापरीक्षणाला आलेल्या माणसानं विचारलं तर मी स्वतः समोर उभी राहून सांगेन की ते पुस्तक जिथं असायला हवं तिथं आहे.

तर माझी मागणी अशी. ज्यांच्याकडे अधिकार आहेत त्यांनी शिक्षकाला लेखी अभय द्यावं, की मुलांच्या वापरात फाटलेली, भिजलेली, हरवलेली गोष्टींची पुस्तकं दरवर्षी साध्या पद्धतीनं निर्लेखित होतील, म्हणजे हिशोबातून कमी केली जातील, आणि त्यापोटी शिक्षकाच्या किंवा पालकाच्या खिशातून एक रुपयाही घेतला जाणार नाही. व्यवस्थापन समितीनं जूनच्या बैठकीत तसा ठराव करून इतिवृत्तात नोंदवावा, वर्षअखेरीस यादी करून निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत. म्हणजे ज्यांच्या मुलांनी पुस्तकं वाचायची, तेच तिथं बहुमतात आहेत. त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं म्हटलं आहे, आणि वर्तमानपत्रं, नियतकालिकं यांच्याबरोबर गोष्टींच्या पुस्तकांचा तिथं वेगळा उल्लेख आहे. समितीच्या बायकांना हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाली, "म्हंजे गोष्टीचं पुस्तक हा पोरांचा हक्कच हाय की." तिला मुद्दा आपल्या सगळ्यांच्या आधी कळला.

बाईंनी धीर केला, समितीनं ठराव केला आणि कपाट उघडलं. पुढं काय झालं ते सांगते, म्हणजे उपक्रम म्हणताना मला काय अभिप्रेत आहे ते कळेल.

पहिलं काम म्हणजे पुस्तकं कपाटातून काढून भिंतीवर आणणं. खिडकीच्या गजापासून दारापर्यंत नायलॉनच्या दोन दोऱ्या बांधल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं अडकवली, मुखपृष्ठ समोर येईल अशी. फळीवर उभी रचलेली बारीक पुस्तकं मुलाला दिसतच नाहीत. त्यांना कणा नसतो, त्यामुळे नाव वाचता येत नाही. चित्र दिसलं की हात आपोआप वर जातो. दोरी पहिलीतल्या मुलाच्या हाताला येईल इतकी खाली हवी. आम्ही आधी आमच्या उंचीनं बांधली होती, मग सोडून पुन्हा बांधली.

किल्ली चौथीतल्या एका मुलीकडे दिली. दर महिन्याला ग्रंथपाल बदलतो. कधी मुलगी, कधी मुलगा, कधी अभ्यासात मागं असलेलं मूल. नोंदवही मुलंच भरतात : तारीख, नाव, पुस्तक, परत आल्याची खूण. पहिलीतल्यांना लिहिता येत नाही, ते नावासमोर आपलं चित्र काढतात. एकाचा बैल, एकीचं फूल, एकाचा ट्रॅक्टर. त्या वहीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत. मी त्या दुरुस्त करत नाही आणि बाईंनाही करू दिल्या नाहीत. किल्ली हातात आल्यापासून मुलं एकमेकांकडून पुस्तकं जी वसूल करतात, तशी मला तीस वर्षांत जमली नाहीत. ती ग्रंथपाल मुलगी एकाच्या घरी जाऊन "आमचं पुस्तक द्या" म्हणून दारात उभी राहिली होती. 'आमचं' हा शब्द तिनं वापरला.

आता वाचून दाखवण्याविषयी. माझ्या मते प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयातला हा सगळ्यांत मोठा उपक्रम आहे आणि त्याला खर्च शून्य आहे. शनिवारी परिपाठ झाला की चारही वर्ग एकत्र बसतात आणि मी एक पुस्तक मोठ्यानं वाचते. नाटकी आवाज काढत नाही, पण घाईही करत नाही. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरते आणि वाचताना ओळीखालून बोट फिरवते. पान उलटण्याआधी थांबते आणि विचारते, "आता काय होईल?" या एका प्रश्नावर दहा मिनिटं जातात, जाऊ द्यावीत. उत्तर चुकलं असं म्हणायचं नाही. पान उलटलं की पुस्तकच सांगतं. तेच पुस्तक मी पुढच्या शनिवारी पुन्हा वाचते, आणि कधी तिसऱ्यांदाही. मोठी माणसं कंटाळतात, मुलं कंटाळत नाहीत. तिसऱ्या वेळी पहिलीतली मुलं माझ्याआधी वाक्य म्हणतात, आणि वाक्य तोंडात असलं की अक्षर डोळ्यांना लवकर सापडतं.

एक विनंती फार कळकळीची आहे. गोष्ट संपली की "यातून काय बोध घेतलात?" असं विचारू नका. तात्पर्य, सारांश, पाच वाक्यं, आवडलेलं पात्र आणि कारण, हे सगळं भाषेच्या तासाला आहेच. मुलांना वाचनाच्या तासाला हा प्रश्न येणार हे माहीत असलं की ती गोष्ट ऐकत नाहीत, उत्तर शोधत बसतात. आमच्याकडे एकदा पाहुणे आले होते. गोष्ट एका उंदराची होती. त्यांनी बोध विचारल्याबरोबर हात वर झाले : "खोटं बोलू नये." "मोठ्यांचं ऐकावं." "एकीचं बळ." गोष्टीत खोटं कुणी बोललं नव्हतं. मुलांनी पाठ असलेले बोध एकेक करून पुढं केले. पाहुणे गेल्यावर तिसरीतल्या एका मुलानं मला हळूच विचारलं, "बाई, त्या उंदराची आई कुठं होती वो?" तो खरा वाचक. त्या प्रश्नाला गुण देण्याची सोय आपल्या कुठल्याच तक्त्यात नाही.

निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलानं अनोळखी मजकूर मिनिटाला किमान साठ शब्द या वेगानं अर्थासह वाचावा असं लक्ष्य आहे. मला ते चूक वाटत नाही. फार अडखळत वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. पण घड्याळ वर्गात ठेवा, ग्रंथालयाच्या तासाला नको. तिथं एखादं मूल अर्धा तास एकाच चित्राकडे बघत बसलं तर बसू द्या.

पुस्तकांना सोपं-अवघड अशा रंगीत टिकल्या लावण्याची पद्धत आहे. आम्हीही लावल्या : हिरवी, पिवळी, लाल. पहिल्याच महिन्यात चूक लक्षात आली. चौथीतला एक मुलगा, अंगानं थोराड, वाचायला अडखळायचा. तो दर शनिवारी लाल टिकलीचं जाड पुस्तक न्यायचा आणि न उघडता परत आणायचा. हिरव्या टिकलीचं नेलं तर पोरं हसतील, ही भीती. टिकल्या काढल्या नाहीत, कारण लहानांना त्यांचा उपयोग होतो. पण एक नवं काम काढलं. चौथीतल्या प्रत्येकानं पहिलीतल्या एका मुलाला दर शनिवारी एक पुस्तक वाचून दाखवायचं, त्यासाठी ते आठवडाभर आधी घरी नेऊन तयारी करायची. झालं! हिरव्या टिकलीची पुस्तकं नेणं आता मोठेपणाचं काम झालं. त्या मुलानं आधी शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं पुस्तक घेतलं आणि त्यातली गोष्ट स्वतः रचून सांगितली. मग दोन ओळींचं. मग चार ओळींचं. पहिलीतलं पोरगं त्याच्या मांडीला टेकून बसायचं आणि "अजून" म्हणायचं. त्या 'अजून'नं जे केलं ते आम्ही चार वर्षं उजळणी घेऊन करू शकलो नव्हतो. आज तो पाचवीला मोठ्या शाळेत आहे आणि लाल टिकलीची पुस्तकं संपवून परत देतो.

घरी नेलेल्या पुस्तकाला घरातही वाचक मिळतो, हेही सांगायला हवं. एका मुलीची आजी शाळेच्या फाटकाशी थांबून मला म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई, पर नात वाचती तवा भाकरी करपती माजी." वाघ्या घेवड्याच्या काढणीच्या दिवसांत मुलं शनिवारी येत नाहीत. तेव्हा ग्रंथपाल मुलगी शुक्रवारीच पुस्तकं वाटून टाकते. ही सोय तिची तिनं शोधली.

फाटलेल्या पुस्तकांचं काय? महिन्यातून एकदा दुरुस्तीचा तास असतो. एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत शिजवला की खळ होते. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. मुलांच्या हातात द्यायच्या खळीत तो अजिबात घालू नका, विषारी असतो. बिनमोरचुदाची खळ त्या दिवशीच संपवा. सेलोटेप मात्र टाळा. दोन-तीन वर्षांत तो पिवळा पडतो, सुटतो आणि कागदावर चिकट डाग ठेवून जातो. पातळ कागदाच्या पट्ट्या आणि खळ हे जुनं तंत्र अजूनही उत्तम आहे. सुटलेल्या पानांच्या घड्या दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवता येतात. दाभण मोठ्यांनी धरावं, दोरा मुलांनी ओवावा. आपल्या हातानं पान चिकटवलेलं मूल पुस्तक फाडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. डांबराच्या गोळ्या कपाटातून काढून टाका. लहान मुलांचा हात तिथं जातो. पुस्तकं हाताळली जात असली, त्यांना ऊन-वारा लागत असला, की कसरीचा त्रास तसाही कमी होतो.

सगळ्यांत जास्त रंगलेलं काम शेवटी सांगते, कारण ते मलाही आधी सुचलं नव्हतं. शिवारातल्या रानांना नावं असतात. घोड्याचा मळा, आंब्याचं टेक, जोगणीची पट्टी. ती का पडली, हे चौथीच्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं ठरवलं. घोड्याच्या मळ्याची तीन वेगवेगळी कारणं मिळाली आणि तिन्ही घरची माणसं आपापल्या कारणावर ठाम होती. तिन्ही लिहून घेतली. मग जात्यावरच्या ओव्या, गावातल्या जुन्या विहिरी, बाहत्तरचा दुष्काळ. एका मुलानं लिहिलं, "पणजी खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची. ती सुकडी लहान भावासाठी पदरात बांधून आणायची." एवढंच, तीन वाक्यं. पाठकोऱ्या कागदांवर मजकूर, चित्रं, शिवलेला कणा, पुठ्ठ्याचं मुखपृष्ठ, असं पुस्तक झालं. बाईंनी ते दाखल नोंदवहीत चढवलं आणि क्रमांक दिला. किमतीच्या रकान्यात काय लिहावं कळेना म्हणून तो कोरा ठेवला. आज दोरीवरून सगळ्यांत जास्त वेळा खाली येणारं पुस्तक ते आहे. पणजीनं ते उलटं धरून पाहिलं आणि आपलं चित्र ओळखलं.

आपल्या जिल्ह्यात हे काम परकं नाही. मराठी विश्वकोश कृष्णाकाठी वाईत घडला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ते खंड प्राथमिक शाळेत नसतात, पण आता विश्वकोश मोबाइलवर उघडतो. "वटवाघूळ पक्षी का प्राणी?" यावर आमच्याकडे वर्ग दुभंगला होता. तेव्हा बाईंनी विश्वकोश उघडला आणि मुलांनी नोंद शोधली. शब्दकोशातही शोधायला लावा. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, काहींत क आणि ज यांच्या पोटात. मुलं यावर फार आवडीनं भांडतात आणि भांडता भांडता वर्णमाला पक्की होते.

भिलारला सहल न्या. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घरांत, देवळात, शाळेत अशी पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडून त्याची सुरुवात झाली. आमची मुलं गेली तेव्हा त्यांना स्ट्रॉबेरीपेक्षा एका गोष्टीचं नवल वाटलं : लोकांच्या ओसरीवर पुस्तकं आहेत आणि आपण जाऊन बसायचं.

पैशांबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते येईल तेव्हा यादी करताना मुलांना विचारा. आमच्या मुलांनी साप, ट्रॅक्टर, भुतं आणि विहिरीतले मासे असे चार विषय सांगितले. थोर पुरुषांची चरित्रं आधीच कपाटात भरपूर आहेत, यंदा साप आणूया. पैसे नसतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत. 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठीतल्या चित्रकथा मोकळ्या परवान्यानं मिळतात, त्या छापून शिवता येतात.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. त्या दिवशी अनेक शाळांत पुस्तकं सतरंजीवर मांडतात, मुलांना ओळीनं बसवतात, फोटो गटावर टाकतात आणि दुपारी पुस्तकं मोजून परत आत ठेवतात. अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की यंदा फोटो मागू नका. देवघेव नोंदवहीचं पान मागा. त्यावर बोटांचे ठसे, खाडाखोड, बैल आणि ट्रॅक्टर असतील तर त्या शाळेत वाचन चालू आहे. आणि तपासणीत एखादं पुस्तक कमी भरलं, तर शिक्षकाला जाब विचारण्याआधी मुलांना विचारा की ते कुणी आणि किती वेळा नेलं होतं.

ज्या शाळेला दोऱ्या कशा बांधायच्या, खळ कशी शिजवायची, निर्लेखनाची यादी कशी करायची हे बघायचं असेल, तिनं या पत्राला उत्तर म्हणून आपल्या गावाचं नाव कळवावं. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी मी येईन, एसटी जिथवर जाते तिथवर एसटीनं आणि पुढं चालत. येताना दाभण आणि दोरा मी आणते. मैदा आणि पातेलं तेवढं तुमचं असू द्या, आणि मी यायच्या आधी कपाटापुढची पोती सरकवून ठेवा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल
कोरेगाव तालुका, जि. सातारा